घरच्या घरी फिरते घर : किटमध्ये काय नसावे, हाच खरा प्रश्न

विशेष प्रतिनिधी

करोनाच्या साथीत विमाने जमिनीवर आली, हॉटेलांना कुलपे लागली आणि अमेरिकेतील मध्यमवर्गाने चाकांवरच्या घराची वाट धरली. उत्तर अमेरिकेतील कारखान्यांनी २०२१ या एका वर्षात ६,००,२४० फिरती घरे विक्रेत्यांकडे रवाना केली. हा त्या उद्योगाचा उच्चांक ठरला. दोनच वर्षांत, २०२३ मध्ये, हा आकडा ३,१३,१७४ पर्यंत खाली आला. साथ ओसरली, व्याजदर चढले आणि कर्ज काढून घेतलेली हौस अनेकांना जड जाऊ लागली. तथापि, गाडीमागे छोटेसे घर जोडून बाहेर पडण्याची ओढ मंदीमुळे संपत नाही. ती स्वस्त मार्ग शोधते. हा मार्ग जुनाच आहे : आपले घर आपणच बांधावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत थेंबाच्या आकाराच्या चिमुकल्या ट्रेलरचा आराखडा ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने सप्टेंबर १९४७ च्या अंकात छापला आणि हौशी लोकांनी अंगणात प्लायवूड कापायला घेतले. आज याच परंपरेत फायबरग्लासच्या छोट्या कॅम्पर ट्रेलरचे किट तयार करण्याचा विचार पुढे येतो. कवच कारखान्यात घडवायचे, जोडणी ग्राहकाने घरी करायची, अशी ही कल्पना. ऐकायला सोपी, पण तिच्या पोटात अभियांत्रिकीचा, अर्थकारणाचा आणि जबाबदारीचा असे तीन प्रश्न दडलेले आहेत.

टाकीतून निघालेले घर

फायबरग्लासच का, याचे उत्तर कॅनडातील विनिपेग शहरात सापडते. रे ओलेको यांनी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी तयार केली होती. जी वस्तू पाणी आत धरू शकते, ती पाणी बाहेरही ठेवू शकते, हे सूत्र पुढे नेत १९६८ मध्ये १३ फुटी ‘बोलर’ ट्रेलर आकाराला आला. बोलर हॅटसारख्या गोलाईवरून त्याला हे नाव मिळाले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तयार होणारा ‘स्कॅम्प’ याच वंशातला. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेल्या ट्रेलरला शेकडो सांधे असतात आणि प्रत्येक सांधा हे पावसाला दिलेले आमंत्रण असते. बोलरला मुख्य सांधा एकच : खालचा अर्धा भाग आणि वरचा अर्धा भाग जिथे भेटतात तो. पन्नास वर्षे उलटूनही यांपैकी अनेक ट्रेलर रस्त्यावर दिसतात, ते याच साधेपणामुळे.

मग हे दोन भाग खोक्यात घालून ग्राहकाला पाठवले की काम झाले, असे वाटेल. अडचण येथूनच सुरू होते. फायबरग्लासचा भाग घडवायचा तर आधी हुबेहूब प्रतिकृती, तिच्यावरून साचा आणि मग साच्यातून वस्तू, असा प्रवास असतो. साच्याचा खर्च एकदाच होतो, पण तो भरून येण्यासाठी बरीच कवचे विकली जावी लागतात. शिवाय कवच वजनाने हलके असले तरी आकाराने मोठे. ट्रकमध्ये ते चढवले म्हणजे मुख्यतः हवेचेच भाडे भरावे लागते. यावर उपाय म्हणजे भिंतींना किंचित उतार देणे. त्यामुळे वस्तू साच्यातून सहज सुटते आणि एकाच मापाचे अनेक भाग कागदी पेल्यांप्रमाणे एकात एक बसतात. भाग आणखी लहान केले तर भाडे कमी होते, मात्र घरी जोडायचे सांधे वाढतात. म्हणजे कारखानदाराचा वाचलेला पैसा ग्राहकाच्या कौशल्यावर उधार ठेवला जातो.

प्रत्येक मिलिमीटरचा हिशेब

वजनाचे गणितही असेच कठोर आहे. सुमारे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच अशा गोलसर कवचाचे क्षेत्रफळ तळासह २८ चौरस मीटरच्या आसपास भरते. हाताने थर देऊन बनवलेल्या फायबरग्लासचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे, साधारण दीड किलो. तीन मिलिमीटर जाडीचे कवच म्हणजे सव्वाशे किलो. ‘मजबुतीसाठी’ एक मिलिमीटर वाढवला की चाळीस किलोंहून अधिक भर पडते. चासी, चाके, खिडक्या, गादी, शेगडी, पाणी हे सगळे अद्याप बाकीच असते. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेकची सक्ती नाही. साहजिकच, छोट्या ट्रेलरचा आराखडा करणाऱ्याला ही रेषा सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींनी तर हा प्रश्न अधिक टोकदार केला आहे. मोठा ट्रेलर जोडला की अशा गाडीचा पल्ला निम्म्याच्या आसपास येऊ शकतो. हलके आणि गोलसर घर ही आता केवळ आवड उरलेली नाही.

घरी काम करणारा माणूस नेमका कोठे चुकेल, याचा अंदाज घेणे हे किट बनवणाऱ्याचे मुख्य काम. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा, हे तापमानानुसार बदलते. तो कमी पडला तर थर कच्चा राहतो आणि जास्त झाला तर रेझिन भांड्यातच तापून घट्ट होते. पॉलिएस्टर रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ बंद गॅरेजमध्ये आरोग्याला घातक असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकदा वाळलेल्या फायबरग्लासवर नवा थर चढवला तर तो मुख्यतः पृष्ठभागाच्या खरखरीतपणावर तग धरतो. पॉलिश पेपरने घासण्याचा कंटाळा केला तर सांधा वरून सुंदर दिसतो आणि आतून सुटत जातो. म्हणूनच चांगल्या किटमध्ये दोन्ही भागांना एकमेकांवर बसणारी रुंद कड साच्यातच घडवलेली असावी, बोल्टची छिद्रे कारखान्यातच पाडलेली असावीत आणि घरी फक्त घासणे, चिकटवणे व आवळणे एवढेच उरावे.

चासी आणि अ‍ॅक्सल यांच्याबाबत तर तडजोडीला जागाच नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यावा, ही अमेरिकेतील रूढ शिफारस. हा भार कमी झाला, म्हणजे मागच्या बाजूला पाण्याची टाकी किंवा सायकली चढवल्या गेल्या, की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. हे झोके वाढत गेले तर पुढची मोटारही सोबत ओढली जाते. त्यामुळे अ‍ॅक्सलची जागा, टाकीची जागा आणि बॅटरीची जागा ग्राहकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. पडद्याचा रंग मात्र खुशाल सोडावा.

होडीचा धडा

हे अशक्य नाही, याचा दाखला ब्रिटनने दिला आहे. १९६३ साली ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने ‘मिरर’ ही छोटी शिडाची होडी किटच्या रूपाने बाजारात आली. प्लायवूडच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यावर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, इतकी सोपी तिची पद्धत होती. सत्तर हजारांवर होड्या अशा तयार झाल्या. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील चेसापीक लाइट क्राफ्ट या होड्यांची किट विकणाऱ्या कंपनीने याच शिवणीच्या पद्धतीने छोट्या ट्रेलरचे किट आणले. तिने साच्याचा खर्चच टाळला. संगणकाने कापलेले प्लायवूड हाच तिचा साचा. या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मोजमाप आणि कापणी ही कठीण कामे कारखान्याने स्वतःकडे ठेवली, म्हणून घरच्या कामाला यश आले.

पण होडी तळ्यात चालते, ट्रेलर इतरांच्या गाड्यांच्या रांगेत. घरी बांधलेल्या विमानांबाबत अमेरिकेचा नियम असा की, बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः केलेला असला पाहिजे. ट्रेलरच्या किटला अशी अट नाही. त्यामुळे कारखान्याने किती करावे आणि ग्राहकाने किती, ही रेषा आखणे सर्वस्वी विक्रेत्याच्या हाती राहते. सांधा सुटला तर दोष रेझिनचा, आराखड्याचा की बांधणाऱ्याच्या हाताचा? किटसोबत येणाऱ्या पुस्तिकेत याचे उत्तर नसेल, तर ते न्यायालयात शोधावे लागेल.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हा आपल्याकडेही या वाहनांविषयी कुतूहल जागे झाले. कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणारे कुशल हात आहेत, म्हणजे कारागिरीची वानवा नाही. अडथळा आहे तो कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच ठरते. वाहनाच्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. पुण्यातील ‘एआरएआय’ ही त्यांपैकी एक. उत्पादकाच्या मूळ तपशिलात मूलभूत बदल करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे. ही चौकट कारखानदाराला गृहीत धरून आखलेली असून, अंगणात एकच ट्रेलर बांधणारा माणूस तिच्या नजरेसमोर नाही. ती सरसकट सैल करावी, असे कोणी म्हणणार नाही. मात्र चासी, अ‍ॅक्सल आणि जोड प्रमाणित असतील, तर वरचे कवच घरी बसवण्यास परवानगी आणि अखेरीस एकदाच तपासणी, असा मधला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

स्वतःच्या हाताने घर उभे करण्याचा आनंद मोठा आहे आणि तो परवडणाऱ्या किमतीत विकत घेता आला तर त्यात गैर काहीच नाही. प्रामाणिक किटची ओळख मात्र खोक्यात किती सुटे भाग आहेत यावरून पटत नाही. ज्या कामात चूक झाली तर जीव जाऊ शकतो, ते काम त्या खोक्यात नसणे, हीच तिची खरी खूण. हौशी माणसाने बांधलेल्या ट्रेलरमागून जी गाडी येत असते, तिच्यातल्या माणसांनी किट विकत घेतलेले नसते.