चढ चालायचा, उतार जपायचा

मागच्या रविवारी पहाटे तीन वाजता मी घरातून निघालो, तेव्हा पत्नीने दारातच अडवले. म्हणाली, "अहो, गेल्या वर्षी पंधरा दिवस माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरत होता. यंदा तसेच करून आलात, तर हे बूट भंगारवाल्याला देऊन टाकीन."

मी म्हणालो, "यंदा पहिला येणार नाही. पण धड पायांनी घरी येईन."

"पहिले तुम्ही गेल्या वर्षी तरी कुठे आला होतात?" तिने विचारले. याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

बंधू-भगिनींनो, प्रकरण असे आहे. कारकुनाची नोकरी म्हणजे दिवसभर खुर्ची आणि चहा. चाळिशी ओलांडली आणि रक्तातील साखर वाढल्याचे कळले. डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालता चालता धावू लागलो, वस्तीतील मुले सोबत येऊ लागली, आणि आज आम्ही सात-आठ जण पहाटे टेकडीवर असतो. त्यातूनच एक मोठे काम डोक्यात बसले. सिंहगडावरून निघून राजगड आणि पुढे तोरणा अशी सुमारे ५३ किलोमीटरची डोंगरी शर्यत असते, ती पुरी करायची. राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी ती डोंगराची सोंड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे काम सोपे नाही हे सांगायला नको. तोरणा सुमारे १,४०० मीटर उंच आहे, आणि तो या वाटेवर शेवटी येतो, पाय थकल्यावर.

अशा लांब शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी ४२ किलोमीटरची डोंगरी मॅरेथॉन सराव म्हणून धावावी, असे जाणकार सांगतात. गेल्या वर्षी मी ती धावलो. पण सराव हा शब्द मी घरीच विसरून गेलो होतो. पहिल्याच चढावर माझ्या वयाचा एक गृहस्थ पुढे गेला आणि माझा अहंकार जागा झाला. चढावर धावलो, उतारावर उड्या मारल्या. सहा तास पंचवीस मिनिटांत पोहोचलो, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मोठ्या शर्यतीची फी बुडाली. दहा दिवसांची रजा खर्ची पडली. आणि दहावीच्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका ऐन परीक्षेच्या तोंडावर दोन आठवडे बंद राहिली. जमा काय, तर एक फोटो. खर्चाच्या बाजूची ती शेवटची नोंद मला आजही टोचते.

म्हणून यंदा मी बी. कॉम. झालेल्या माणसासारखा विचार केला. सरावाच्या शर्यतीत कमवायचे काय? वेळ नव्हे. शरीराला डोंगराची ओळख करून द्यायची, आणि आपल्या चुका स्वस्तात असताना शोधायच्या.

पहिला नियम, चढ चालायचा. खड्या चढावर धावणारा आणि गुडघ्यांवर हात टेकून झपाझप चालणारा यांत फारसे अंतर पडत नाही. पण धावणाऱ्याचा दम मात्र जास्त जातो.

दुसरा नियम, उतार जपायचा. लोकांना वाटते चढ पाय मोडतो. खरे म्हणजे उतार मोडतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि तेव्हाच त्यांना बारीक इजा होते. मात्र निसर्गाची एक सोय आहे. असा बेताचा मार एकदा बसून स्नायू बरे झाले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने ते तितके दुखत नाहीत. सरावाची शर्यत आधी घ्यायची ती यासाठीच. पण मार बेताचाच हवा.

तिसरा नियम, भूक लागण्याआधी खायचे. शरीरात साठवलेली साखर दोन-तीन तासांत संपत येते. मग माणूस एकदम बसतो. मी दर अर्ध्या तासाने केळे, चिक्की नाहीतर मीठ लावलेला उकडलेला बटाटा खाल्ला. नुसते पाणी ढोसत राहणेही धोक्याचे, कारण त्याने रक्तातील मीठ उतरते. तहान लागेल तसे लिंबू-मीठ-साखरेचे पाणी प्यायचे. आणि दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. त्या उन्हात त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

शर्यत कात्रज-सिंहगड डोंगररांगेच्या परिसरात होती. गवत पिवळे पडले होते, मोज्यांत कुसळे घुसत होती. सत्ताविसाव्या किलोमीटरला मोठा घसारा लागला. मुरूम पायाखालून सरकत होता. मी आडव्या पावलांनी उतरत होतो, तेवढ्यात मागून एक जण सरसर निघून गेला. पाय आपोआप वेग घेऊ लागले. खरे सांगतो, त्या दिवशीची खरी शर्यत तेवढी दोन मिनिटांचीच होती. अभ्यासिकेच्या दाराचे कुलूप डोळ्यांसमोर आले आणि मी थांबून बुटाची नाडी बांधली. सुटलेली नव्हती, तरी बांधली.

सात तास चाळीस मिनिटांनी पोहोचलो. आमच्या वस्तीतला एक मुलगा आधीच पोहोचला होता. तो म्हणाला, "काका, गेल्या वर्षीपेक्षा सव्वा तास जास्त लागला की!"

परतताना एसटीत मी त्याला रॉबर्ट म्त्शाली या धावपटूची हकीकत सांगितली. दक्षिण आफ्रिकेत दरबान आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमध्ये १९२१ पासून कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. नाव मॅरेथॉन, पण अंतर सुमारे ९० किलोमीटर, आणि सगळी डोंगराळ वाट. कृष्णवर्णीयांना तिच्यात अधिकृत प्रवेश नव्हता. म्त्शाली १९३५ मध्ये तरीही धावला, आणि सुमारे साडेनऊ तासांत पोहोचला. अधिकृत निकालात त्याची नोंद झाली नाही. ती शर्यत कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना खुली झाली १९७५ मध्ये. २०१९ पासून मात्र नऊ ते दहा तासांत पोहोचणाऱ्यांना जे पदक मिळते, त्याला त्याच म्त्शालीचे नाव आहे. निकालाच्या कागदावर सगळेच धावणे लिहिले जात नाही, एवढेच मला त्या मुलाला सांगायचे होते. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

आता मोठ्या शर्यतीला पाच आठवडे आहेत. पहिला आठवडा नुसते चालणे, मग दोन आठवडे नेहमीचा सराव, आणि शेवटचे दोन आठवडे तो कमी कमी करत न्यायचा. वाचकांपैकी चाळिशी ओलांडलेल्या कोणाला धावावेसे वाटले, तर आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, सहा महिने चाला, मग धावा. आणि घरच्यांना सांगून धावा. आपला गुडघा एकट्याचा नसतो, त्यावर घरातील आणि वस्तीतील बरीच कामे टेकलेली असतात.

सोमवारी सकाळी कामावर निघालो. तीन मजले जिना उतरलो, कठड्यालाही हात लावला नाही. पत्नी वरून पाहत होती. काही बोलली नाही. संध्याकाळी परतलो, अभ्यासिका उघडली, रात्री घरी आलो, तेव्हा बूट धुऊन गॅलरीत वाळत ठेवलेले होते.