द्वारपालांच्या राज्यात

अष्टावक्र जनकाच्या यज्ञमंडपाशी पोहोचला तेव्हा त्याला प्रथम तोंड द्यावे लागले ते द्वारपालाला. महाभारताच्या वनपर्वात हा प्रसंग आला आहे. आत विद्वत्सभा भरली होती, राजा ज्ञानाचा चाहता होता. अडवणूक होती ती दारात. पदवीच्या प्रवेशासाठी धडपडणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याची कथा आजही याहून फारशी निराळी नाही. फरक इतकाच की, अष्टावक्राला एका द्वारपालाशी वाद घालावा लागला. या विद्यार्थ्यापुढे त्यांची रांगच उभी असते.

कायदा अपुरा आहे म्हणावे, तर तसेही नाही. १९९५ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने उच्च शिक्षणात हे प्रमाण किमान ५ टक्क्यांवर नेले, कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत दिली आणि दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार २१ केले. २०१५ पासून 'विकलांग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला, हेही स्वागतार्हच. पण शब्द बदलला म्हणून खिडकीमागची नजर बदलत नाही. त्या नजरेला राखीव जागा हा अद्याप हक्क वाटत नाही, उपकार वाटतो. आणि उपकार करणारा शंभर प्रश्न विचारतो.

वैद्यकीय प्रवेशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. राखीव जागेचा लाभ घ्यायचा तर दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. वाचादोष असलेल्यांसाठी मात्र नियम असा होता की, दोष ४० टक्के वा अधिक भरल्यास विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासच अपात्र! म्हणजे ३९ टक्के असतील तर आरक्षण नाही आणि ४० असतील तर प्रवेश नाही. ज्या जागेवर कोणी बसूच शकत नाही, अशी जागा राखून ठेवण्याचा हा प्रकार. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला या नियमाचा फटका बसला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडून त्याची नव्याने तपासणी करविली. हा दोष शिक्षणाच्या आड येत नाही, असे तज्ज्ञांनी कळविले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून कोणालाही अपात्र ठरविता येणार नाही, विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल काय हे मंडळाने पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने पुढच्याच महिन्यातील निकालपत्रात स्पष्ट केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात 'दोन्ही हात शाबूत हवेत' ही अटही न्यायालयाने मनमानी ठरविली.

न्याय मिळाला खरा. पण दिल्लीपर्यंत जाण्याचे बळ किती घरांत असते? प्रवेशाच्या फेऱ्या चार दिवसांत उरकतात, तारखा पडत राहतात. शेतमजुराची मुलगी तालुक्याच्या एसटी स्थानकावरूनच माघारी फिरते आणि 'उमेदवार अनुपस्थित' अशी नोंद करून कागद बंद होतो.

यावर 'गुणवत्तेचे काय?' असा साळसूद प्रश्न हमखास विचारला जातो. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधल्याने गणिताचा पेपर सोपा होत नाही. लेखनिक दिल्याने उत्तर त्याचे होत नाही, ते सांगणाऱ्याचेच राहते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अटही लागू होत नाही, असा निर्वाळा दिला. परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक देण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ पासून आहेत. ती केंद्रप्रमुखाने वाचलेली असतील तर ठीक. नसतील तर अंध विद्यार्थ्याने ती घंटेच्या आधी त्याला समजावून सांगायची!

मात्र सगळे खापर शासनावर फोडून मोकळे होण्याची सोय सुशिक्षित समाजाला नाही. स्वतः आणलेला लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा खालच्या शिक्षणाचा असावा लागतो. म्हणजे बारावीच्या मुलाला खालच्या वर्गातला लेखनिक हवा, आणि तोही गणित-भौतिकशास्त्राची चिन्हे बिनचूक उतरविणारा. अशी मुले नेमकी मध्यमवर्गीय घरांत असतात. वाढदिवसाला अंधशाळेत केळी वाटून छायाचित्र काढणारी ही घरे लेखनिकाचे नाव निघताच क्लासचे वेळापत्रक पुढे करतात. केळी वाटायला अर्धा तास लागतो, लेखनिकाला अख्खी दुपार द्यावी लागते. दया आणि बंधुभाव यांतले अंतर एवढेच आहे.

ज्या कार्यकर्त्यांना वस्तीतील घरन्‌घर ठाऊक असते, त्यांनी अशा विद्यार्थ्यांची यादी दहावीच्या सुट्टीतच करावयास हवी. यूडीआयडी कार्ड निघाले आहे काय, प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास त्याची मुदत केव्हा संपते, हे निकालानंतर पाहून काही उपयोग नसतो. जिल्हा रुग्णालयातील तपासणीच्या दिवशी सोबत कोणीतरी हवे. पर्याय भरताना महाविद्यालयाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहक बंद आहे, ही माहिती कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नसते. ती आधी स्वतः जाऊन, जिना मोजूनच आणावी लागते.