मोजमाप कोणाच्या हाती?

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार जलविद्युत धरणे २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत पाडण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनूक सॅमन मासे समुद्रातून वर चढत ओरेगन राज्यापर्यंत पोचले. शंभरेक वर्षांत ते तिथे दिसले नव्हते. धरणे बांधण्यात हयात घालवलेल्या आपल्या काही वाचकांनी ही बातमी नाक मुरडूनच वाचली असेल. ही धरणे विजेसाठी होती, सिंचनासाठी नव्हती. वरच्या खोऱ्यातले कालवे आजही वाहतात. तेव्हा यातून ‘धरणे पाडा’ असा धडा काढणे उतावळेपणाचे होईल. आम्हाला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. पाडण्याची मागणी युरोक, कॅरुक, क्लॅमथ अशा तिथल्या आदिवासी जमातींनी वीस वर्षे लावून धरली, आणि ती नुसत्या घोषणांवर नव्हे, नोंदवह्यांवर.

सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या खालच्या पट्ट्यात किमान ३४ हजार मासे मेले. बहुतेक सॅमन, अंडी घालायला वर निघालेले. विसर्ग कमी, पाणी कोमट, मासे दाटीने अडकलेले आणि त्यात कल्ल्यांचा रोग. युरोक जमातीचा स्वतःचा मत्स्यविभाग आहे. त्याने विसर्ग आणि तापमानाच्या नोंदी तपासून या घटनेवर स्वतंत्र अहवाल काढला. त्या मृत्यूंमागे वरच्या सिंचनासाठी वळवलेल्या पाण्याचा वाद होता, फक्त धरणांचा नव्हे. पण नदीचा हिशेब आता दोन ठिकाणी लिहिला जातो, हे त्या अहवालाने सरकारला दाखवून दिले. पुढे कॅरुक जमातीने जलाशयांत उन्हाळ्यात माजणाऱ्या विषारी नील-हरित शेवाळाचे नमुने वर्षानुवर्षे तपासून घेतले.

धरणांच्या परवान्याची मुदत २००६ मध्ये संपली. नवा परवाना हवा तर मासे चढून जाण्याचे मार्ग बांधावे लागणार होते. त्या खर्चापेक्षा धरणे काढणे वीजग्राहकांना स्वस्त पडेल, असा हिशेब निघाला. त्याआधी, धरणे चालवणाऱ्या वीजकंपनीची मालकी स्कॉटलंडमध्ये असताना, जमातींची माणसे तिथल्या भागधारकांच्या सभेपर्यंत जाऊन आली होती. केंद्रीय नियामक आयोगाची अंतिम मंजुरी आली नोव्हेंबर २०२२ मध्ये. मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीवर पेरायचे देशी वाणांचे बी गोळा करण्यातही युरोक पथके होती.

आपल्याकडच्या पाटबंधारे प्रकल्पांना मुदतीचा परवाना नसतो, त्यामुळे फेरविचाराची ती खिडकी आपोआप उघडत नाही. पण कायदा आपल्याकडेही दुबळा नाही. अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन योग्य पातळीवरच्या पंचायतीकडे सोपवावे, असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत यांच्या रक्षणाचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला दिला आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ पासून लागू आहेत.

प्रत्यक्षात काय होते, हे आपल्या क्षेत्रातल्या माणसांना सांगायला नको. सर्वेक्षण होते, नकाशा तयार होतो, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळते आणि मग ग्रामसभेचा ठराव ‘घेतला’ जातो. झरा उन्हाळ्यात कुठे टिकतो, ओढा कोणत्या वर्षी आटला, मासे कोणत्या डोहात उतरतात, हे गावातल्या म्हाताऱ्यांना आणि पाणी भरणाऱ्या बायकांना ठाऊक असते. आपण ते ‘स्थानिक माहिती’ म्हणून अहवालाच्या एका परिच्छेदात घालतो आणि येव्याचा आकडा मात्र शेजारच्या खोऱ्यातल्या पर्जन्यमापकावरून काढतो. सिमेंट नाला बांध चुकीच्या जागी का बसतात, याचे बरेचसे उत्तर इथेच आहे.

युरोक लोकांना शेकडो मैल वाहणाऱ्या नदीसाठी जे लागले, ते आपल्या पाड्यांना छोट्या प्रमाणात पुरेल: एक पर्जन्यमापक, विहिरींच्या पातळीची वही, ओढ्यावर विसर्ग मोजण्याची पट्टी आणि या नोंदी ठेवणारे गावातलेच दोन तरुण. खर्च किरकोळ आहे. अडचण आपल्या सवयीची आहे, कारण ग्रामसभेकडे स्वतःचे आकडे आले की आपल्या आकड्यांना उत्तर द्यावे लागेल. ते द्यावे लागावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रांत काम करणाऱ्या अभियंत्यांना आणि संस्थांना विनंती अशी की, पुढच्या कामाचे अंदाजपत्रक बांधण्याआधी ग्रामसभेसमोर बसा आणि तिच्या नोंदी मागा. नोंदी नसतील, तर त्या सुरू करण्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात पहिल्या क्रमांकावर धरा.