पहिली पाल कोणती?

मराठी भाषेने पालीला कधी न्याय दिलेला नाही. आपल्या मनात चुकचुकते ती शंकेची पाल. पंचांगात पल्लीपतनाची फळे दिलेली असतात. सरड्याच्या वाट्याला रंग बदलण्याचा कलंक आणि कुंपणापर्यंतची धाव एवढेच आले. घोरपडीला तेवढा गड चढण्याचा मान मिळाला, तोही दंतकथेत. अशा भाषेत वाढलेली तरुण मंडळी आता हौसेने पाल पाळू पाहतात, याचे मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना अप्रूपच वाटते. ज्या जीवाला पिढ्यानपिढ्या केरसुणीने हाकलले, त्याच्याकडे कुतूहलाने पाहावेसे वाटणे ही काही लहान गोष्ट नव्हे. आमची तक्रार आहे ती 'नवशिक्यांसाठी सोपी पाल' या शब्दप्रयोगाविषयी.

सोपी म्हणजे कोणासाठी? हे विशेषण पाळणाऱ्याच्या सोयीचे असते. पालीच्या जगण्याविषयी ते काहीच सांगत नाही. हिरव्या इग्वानाचे उदाहरण घ्यावे. विकताना ते वीतभर पिल्लू असते, शिवाय शाकाहारी. आपल्याकडील घरांना याहून सोयीचे काय? पण हे पिल्लू वाढून दीड मीटरच्या पुढे जाते, त्याला जवळजवळ खोलीएवढी जागा लागते, आणि विणीच्या काळात नर अंगावर धावून येतो. वन्यजीव अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर, साइट्स कराराच्या परिशिष्टांत असलेल्या अशा परदेशी प्राण्याची नोंदणीही बंधनकारक झाली आहे. नवशिक्याने इग्वाना घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन हा त्यामानाने समजूतदार प्राणी. दिवसा जागा असतो, माणसाला सरावतो. मात्र त्याला अतिनील किरणांचा दिवा लागतो आणि खरी मेख तिथेच आहे. नळीच्या दिव्याचा उजेड दिसत राहतो, पण त्यातील उपयुक्त किरण काही महिन्यांत क्षीण होतात. दिवा चालू आहे म्हणून मालक निर्धास्त असतो आणि प्राण्याची हाडे मात्र मऊ पडू लागतात.

आमचा कौल लेपर्ड गेकोला आहे. एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ साली शास्त्रीय वर्णन केलेली ही पाल अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. भिंतीवरच्या पालीचे सगळे संकेत ती मोडते. तिला हलणाऱ्या पापण्या आहेत, त्यामुळे ती चक्क डोळे मिटून झोपते. बोटांना चिकटणारे तळवे नसल्याने तिला काच चढता येत नाही. जाड शेपटीत ती चरबी साठवते, म्हणून शेपटी पाहूनच तिच्या प्रकृतीचा अंदाज येतो. तिला जिवंत किडे लागतात, त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी लागते; शाकाहारी घरात हा प्रश्न आधीच मिटवलेला बरा. पेटीचे एक टोक तीस-बत्तीस अंश उबदार आणि दुसरे पंचवीसच्या आसपास हवे. परदेशी पुस्तके थंड देशांसाठी लिहिलेली असल्याने ती सारा भर उबेवर देतात. नागपूरच्या मे महिन्यात प्रश्न नेमका उलटा होतो: थंड टोक आणायचे कुठून? त्याचे उत्तर सापडेपर्यंत पाल घरी आणू नये.

रंगांविषयी मात्र आम्हाला थोडे कठोर बोलायचे आहे. पैदास करणाऱ्यांनी या पालीचे नाना रंग घडवले. त्यांतील 'एनिग्मा' या वाणात तोल जाणे, गोल गोल फिरत राहणे असा मज्जाविकार आढळतो. 'लेमन फ्रॉस्ट' या झळझळीत वाणातील बहुसंख्य पालींना रंगपेशींच्या गाठी होतात, आणि त्या रंगामागचा व गाठींमागचा जनुकीय दोष एकच असावा, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. म्हणजे इथे सौंदर्य हेच दुखणे आहे. साहित्यात आपण असल्या विरोधाभासावर लुब्ध होतो. पेटीतल्या प्राण्याला तो भोगावा लागतो. घ्यायचीच तर साधी, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, पिंजऱ्यातच जन्मलेली पाल घ्यावी.

पिंजऱ्यातच जन्मलेली, यावर आमचा भर का, तेही सांगतो. गोनियुरोसॉरस लुई ही लेपर्ड गेकोच्याच कुळातील पाल. तिचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. वर्णनात ठिकाण आले, आणि शौकिनांसाठी पाली पकडणारे तिथे पोहोचले. लवकरच त्या मूळ ठिकाणाहून ती नाहीशी झाली. वर्णनाचा नेमकेपणा हा गुण मानणाऱ्या आम्हा भाषेच्या लोकांना ही हकिगत अस्वस्थ करते. लेपर्ड गेकोची एक सख्खी नातलग, युब्लेफॅरिस फस्कस, महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातही आढळते. ती कुठे दिसते हे आम्ही इथे लिहिणार नाही. रानातली पाल उचलून आणणे याला छंद म्हणता येत नाही; घोरपडीच्या बाबतीत तर तो सरळ गुन्हा आहे, कारण ती अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

विकत घेताना डोळे स्वच्छ आहेत का, कात अडकून बोटे झडलेली नाहीत ना, आणि आपल्यासमोर ती खाते का, एवढे पाहावे. हाताळल्यावर हात धुवावेत. पाल विषारी नसली तरी साल्मोनेलाचे जंतू तिच्या अंगी असू शकतात. आणि वयाचा हिशेब करावा. ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते. एम.ए.च्या पहिल्या वर्षात असताना जो ती घेईल, त्याची नोकरी, लग्न, दोन-तीन घरे बदलून होतील, तरी ती पेटीत असेल; आणि प्रत्येक नव्या घरमालकाला तिच्याविषयी सांगावे लागेल.