कार्डावरची तारीख

आमच्या अडाजणच्या सोसायटीत कुणाचाही मुलगा अमेरिकेत असला की प्रश्न ठरलेला, "ग्रीन कार्ड आलं का?" मंडळी, हल्ली मी तो विचारत नाही. विचारते, "वर्क परमिट कधी संपतंय?"

हे सुनेमुळे कळलं. तिचा आणि मुलाचा ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल आहे. मुलाने एच-१बी चालू ठेवला. ती ईएडी कार्डावर नोकरी करायची. पूर्वी ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला, की जुनं कार्ड संपल्यावरही ५४० दिवसांपर्यंत काम करता यायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना, काही अपवाद सोडता, ती सवलत नाही. तिने अर्ज केला डिसेंबरात. मार्चमध्ये कार्ड संपलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती घरी. तिथे राहायला हरकत नाही, पण काम करायचं नाही! "आई, आता पुरणपोळी शिकते," म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

मुलाचं तसं नाही. एच-१बीची मुदतवाढ वेळेत मागितली, तर निकाल येईपर्यंत, फार तर २४० दिवस, त्याच कंपनीत काम चालू राहतं. म्हणून ग्रीन कार्डाचा अर्ज गेला तरी एच-१बी सोडायची घाई नको. आणि ईएडीचा अर्ज मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, तो पहिल्याच आठवड्यात करून टाकायचा.

आमच्या फ्रिजवर नातवाच्या चित्राशेजारी आता मुलाची तारीख लिहिलेली आहे. सुनेची जागा अजून कोरी आहे.