बस्ता नवरीच्या हाती द्या

तुळशीचं लग्न लागलं की पौडच्या बाजारपेठेतल्या माझ्या दुकानात रोज एकच प्रश्न येतो. नवरीची आई विचारते, आत्या विचारते, कधी नवरी स्वतः विचारते, "ताई, पैठणी घ्यायची, शालू घ्यायचा, का लेहेंगा?" मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, नऊवारी शिवून देते. लग्नाच्या दिवशी नवरीला साडी नेसवायला भूगाव, पिरंगुट, कोळवण, माले, जिथून बोलावणं येईल तिथे जाते. कपडा दुकानातल्या दिव्यांखाली कसा दिसतो ते सगळेच बघतात. तो हळदीपासून पाठवणीपर्यंत पोरीच्या अंगावर कसा राहतो ते मी बघते. म्हणून या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. जी साडी नवरीनं स्वतः निवडली, जी कोणी विणली हे तिला ठाऊक आहे आणि जी ती लग्नानंतरही नेसेल, ती घ्या. त्या साडीचं नाव पैठणी आहे की इरकल, हे त्यानंतर ठरू द्या.

आमच्याकडे बस्ता कसा बांधला जातो ते मुळशीतल्या माणसाला सांगायला नको. दोन गाड्या भरून पाहुणे पुण्याला निघतात, लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेत. नवरीचा शालू मुलाकडच्यांचा, नवरदेवाचे कपडे मुलीकडच्यांचे. गादीवर पुढे बसतात सासूबाई, नणंद, चुलतसासू. मागे बसतात मुलीची आई आणि मावशी. नवरी या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी अवघडून बसलेली असते. साड्यांचा ढीग उलगडला जातो, किंमत हळू आवाजात विचारली जाते आणि शेवटी तिच्या खांद्यावर पदर टाकून कुणीतरी म्हणतं, "छान दिसतंय, हीच घेऊ." पोरगी मान हलवते. तिनं हो म्हटलं असं सगळे धरून चालतात. पण नवीन नात्यातल्या दहा बायकांसमोर, किती पैसे ठरलेत हे माहीत नसताना, कोणती मुलगी नाही म्हणेल? मग ब्लाऊजचं माप द्यायला ती माझ्याकडे येते आणि हळूच विचारते, "ताई, हा रंग मला बरा दिसेल ना?" माझ्या सगळ्या कामात हा प्रश्न मला सर्वांत जड जातो.

"मराठी नवरीनं पैठणीच नेसली पाहिजे" असं आजकाल फार ठामपणे सांगितलं जातं. मला हे पटत नाही. पैठणी आपली शान आहे. प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण सातवाहनांच्या काळापासून व्यापाराचं गाव होतं. पुढे येवल्याच्या मागांनी ही कला जपली आणि 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पैठणी होती राजघराण्यांची, सरदारांची, सावकारांची. आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या घरी लेकीच्या लग्नात इरकलचं लुगडं आलं तरी मोठी गोष्ट होती, आणि ते यायचं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातून. चोळीचा खण त्याच भागातल्या गुळेदगुड्डचा. नारायणपेठी तेलंगणातली. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी लग्नाचा शालू म्हणत आलो तो बनारसचा. महेश्वरीचे माग मध्य प्रदेशात, पण ते उभे केले अहिल्याबाई होळकरांनी. ब्राह्मणांच्या घरी गौरीहर पूजताना मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री, बौद्ध पद्धतीच्या लग्नात पांढरी साडी, हीसुद्धा मराठी नवरीचीच रूपं आहेत आणि मी ती सगळी नेसवली आहेत. परंपरा एवढी मोठी असताना ती एका साडीत का कोंबायची?

पैठणीची ही सक्ती तशी अलीकडची आहे. 2004 पासून झी मराठीवरच्या 'होम मिनिस्टर'मधून आदेश बांदेकर घरोघरी गेले आणि पैठणी साध्यासुध्या वहिनींच्या हातात आली. त्याचा मला आनंदच आहे. जी साडी आमच्या आज्यांनी वाड्यातल्या बायकांच्या अंगावर लांबून पाहिली, तिची हौस आज कोणतीही बाई करू शकते. पण हौसेची जेव्हा अट होते, तेव्हा ज्यांना खरी पैठणी परवडत नाही ते नकली घेतात. आणि ती नकली आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

येवल्यात मी माग चालताना पाहिला आहे. पदरावरच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी बारीक कांडी असते. आडवा धागा सबंध पन्हाभर फेकत नाहीत. मोराचा निळा मोरापुरता, कमळाचा गुलाबी कमळापुरता हातानं फिरवतात आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतात. साध्या पदराला आठवडे लागतात. बांगडी मोर, आसावली, मुनिया अशी भरगच्च नक्षी असेल तर कित्येक महिने लागतात. म्हणूनच हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच्या तशी दिसते. यंत्रमागावरच्या साडीचा पदर उलटा केला की मागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. दुकानात पहिल्यांदा पदर उलटा करून बघा. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क विचारा. काठाच्या टोकाचा एखादा सुटा धागा मिळाला तर जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत चुरडणारी राख राहते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

'सेमी पैठणी' म्हणून यंत्रमागाची साडी कुणी उघडपणे विकत असेल आणि कुणी समजून घेत असेल, तर त्यात वाईट काही नाही. पण "अस्सल येवला" सांगून विकलेल्या साड्या माझ्या हाताखालून दरवर्षी जातात. फॉल लावायला साडी उलटी केली की मला कळतं. घरच्यांनी त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, आणि येवल्याच्या विणकराला त्यातला एक रुपयाही गेलेला नसतो. त्यापेक्षा तेवढ्याच किंवा कमी पैशांत हातमागाचं इरकल घ्या. नारायणपेठी घ्या. विदर्भाची करवती काठाची टसर घ्या. खोट्या पैठणीपेक्षा खरं इरकल नवरीला जास्त शोभतं, कारण ते अंगावर बसतं, घाम शोषतं आणि वर्षावर्षानं मऊ होत जातं.

आता नऊवारीबद्दल. मुळशीत नऊवारी हा मिरवायचा पोशाख नव्हता, कामाचा होता. आषाढात चिखलणी झाली की बायका खाचरात उतरतात आणि वाकून आंबेमोहराची, इंद्रायणीची रोपं लावतात. आमच्या आज्या हे काम लुगड्यात करायच्या. कासोटा घट्ट, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, दोन्ही पाय मोकळे. चिखलात इतक्या तासांचं काम ज्या वस्त्रात होतं, ते मांडवात सुटेल ही भीती आजच्या मुलींच्या मनात कोणी घातली? कमरेची गाठ नीट बसली, निऱ्या पक्क्या खोचल्या, कासोटा ताणून मागे घेतला, की नवरी वरातीत मनसोक्त नाचली तरी नऊवारी सुटत नाही. नेसवायला अर्धा तास पुरतो.

शिवलेली नऊवारी मीही शिवते आणि तिचा उपयोग मला मान्य आहे. हळद आणि मुहूर्त यांच्यामध्ये वेळ कमी असतो, करवल्यांना पटकन घालायला बरं पडतं. पण शिवायची म्हणजे साडीला कात्री लावावी लागते. एकदा कापली की ती पुन्हा साडी होत नाही. ती सहावारी नेसता येत नाही, लेकीला देता येत नाही. म्हणून हातमागाची साडी कुणी नऊवारी शिवायला आणली तर मी ती घडी करून परत देते आणि सांगते, हिला कात्री लावू नका, मी येऊन नेसवते. शिवायची हौस असेल तर साध्या कापडाची शिवा. विणकराच्या इतक्या दिवसांच्या कामाचे अर्ध्या तासात तुकडे करणं मला पाप वाटतं.

लेहेंग्याला मी नावं ठेवणार नाही. बनारसचा शालू आपला झाला, तसा लेहेंगाही कुणाला आपला वाटत असेल तर वाटू द्या. पण त्याची अडचण आधी सांगते, कारण ती दुकानात कळत नाही. आत कॅनकॅन घातलेला भरजरी लेहेंगा कित्येक किलोंचा असतो. त्यात पाटावर मांडी घालून बसता येत नाही. मे महिन्यात भूगावच्या लॉनवर पत्र्याच्या मांडवात तो घालून उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लाजाहोमाच्या वेळी नवरी विस्तवाच्या अगदी जवळ असते. नेट आणि पॉलिएस्टरवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. म्हणून होमाला रेशमी किंवा सुती साडी नेसा. लेहेंगा रिसेप्शनला घाला आणि भाड्यानं आणा. पुण्यात चांगले मिळतात. एका संध्याकाळच्या कपड्यासाठी बापानं पन्नास हजार घालू नयेत, आणि घालायला लावू नयेत.

पैसे कुठून येणार, हा प्रश्न खरा आहे. माझं म्हणणं, पैसे बस्त्यातच आहेत. नवरीची एक साडी आणि मानपानाच्या पन्नास साड्या, असा आपला बस्ता असतो. एक साडी पाचशेची धरली तरी पंचवीस हजार होतात. त्या साड्यांचं पुढे काय होतं ते घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. घडी मोडली जात नाही. पुढच्या लग्नात तीच साडी दुसऱ्या कुणाला आहेर म्हणून जाते, आणि असं करत ती तालुकाभर फिरते. त्या पंचवीस हजारांत येवल्याच्या मागावरची साध्या पदराची खरी पैठणी येऊ शकते, किंवा दोन-तीन उत्तम इरकल येतात. पन्नास बायकांना न आवडणाऱ्या पन्नास साड्या, की एका मुलीला जन्मभर पुरेल अशी एक? मान द्यायचाच असेल तर हळदीकुंकू लावून नारळ द्या. त्यानं कुणाचा अपमान होत नाही.

एप्रिल 2021 मध्ये लग्नाला फक्त 25 माणसं आणि दोन तासांची परवानगी होती, तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुकानं बंद, बस्ता नाही, मानपान नाही. नवरीमुलींनी आईचे शालू ट्रंकेतून काढले. मी काठ दुरुस्त केले, नवीन ब्लाऊज शिवले. घराच्या दारात, अंगणात लग्नं लागली. त्या पोरी कोणत्याही बाबतीत उण्या दिसल्या नाहीत, त्यांचे संसारही उणे नाहीत. पुण्यात जोतिबा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि कमी खर्चाच्या लग्नाचा रस्ता दाखवला. तो रस्ता आपल्याला नवा नाही.

2025 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर हुंड्यावर आणि थाटामाटाच्या लग्नांवर सगळ्या महाराष्ट्रात बोललं गेलं. मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नाची आचारसंहिता मांडली गेली. मला ते मनापासून आवडलं. पण साधेपणाचे नियमसुद्धा पोरींना न विचारताच ठरले, तर त्यांच्या वाट्याला पुन्हा मान हलवणंच येईल. जिला लग्नाची साडी निवडू दिली नाही, तिनं सासरी मनातलं बोलावं अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? बोलायची सवय बस्त्यापासून लागली पाहिजे.

काही वडीलधारी मला म्हणतात, "अगं, साडी देणं हा आमचा मान आहे, आमची हौस आहे." मावशी, काकू, मान तुमचाच आहे. पैसे तुमचे, आशीर्वाद तुमचा, खांद्यावर पदर टाकायचा हक्कही तुमचा. फक्त निवड तिची असू द्या. पुण्याला निघण्याआधी नवरीला आकडा सांगा. दोन गाड्या नेऊ नका. नवरी, तिची आई आणि सासू एवढ्या तिघी पुरे. पदर उलटा करून बघा. मानाच्या साड्यांची यादी फाडून टाका. आणि हे सगळं मुलीकडच्यांनी सुचवण्याची वाट बघू नका, कारण आपल्याकडे त्यांना ते जमत नाही. सुरुवात मुलाच्या आईनंच करायला हवी. येत्या हंगामात मुळशीतली प्रत्येक सासू दुकानाच्या गादीवर बसल्याबरोबर एवढंच म्हणाली तरी पुष्कळ झालं, "पोरी, पैसे एवढे आहेत. साडी तू काढ."