उमेदवारीची दैनंदिनी

विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळी सुट्टीत एखाद्या स्वयंसेवी संस्थेकडे, वकिलाकडे वा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे उमेदवारी करावी, ही प्रथा दिल्लीत आता रूढ झाली आहे. (निवडणुकांनी ‘उमेदवारी’ हा शब्द बळकावला नसता, तर ‘इंटर्नशिप’ची आपणांस गरज पडली नसती.) बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे ती सक्तीची आहे, मात्र एका वर्षात सलग 4 आठवड्यांहून अधिक नाही. विद्यार्थ्याने दैनंदिनी ठेवावी व तिचे मूल्यमापन व्हावे, असेही नियमांत आहे. भाषांच्या अभ्यासकांनी लक्ष घालावे, ते या दैनंदिनीत.

सुट्टीनंतर लिहिली जाणारी मनोगते बहुधा इंग्रजीत असतात आणि त्यांचा नायक विद्यार्थी स्वतःच असतो. त्याला जाणीव झाली, त्याची दृष्टी विस्तारली. यातील प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. परंतु बुडालेल्या मजुरीची कैफियत जिने भोजपुरीत मांडली, ती बाई तेथे केवळ ‘तक्रारदार’ होऊन उरते.

हा निव्वळ शैलीचा प्रश्न नव्हे. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. 1979 च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि पुण्याचे रघुनाथ केळकर या विधीच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्याचे बळ बारकाईच्या वाचनात होते: निरुपायाने वश होणे म्हणजे संमती देणे नव्हे. पुढे स्त्रियांच्या चळवळीच्या रेट्याने 1983 मध्ये कायदा बदलला. तथापि, ती मुलगी आपल्या बोलीत जे बोलली असेल, ते निकालपत्रात इंग्रजी सारांशरूपानेच भेटते. तिच्या बाजूने लढणाऱ्यांनाही तेवढ्यावरच विसंबावे लागले.

धगमवारांनी 1985 मध्ये दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था स्थापिली. तिने कायदा सोप्या भाषेत लोकांपर्यंत नेण्याचे मोठे काम केले. उलट दिशेचे काम, म्हणजे लोकांची भाषा कायद्याच्या कागदापर्यंत नेण्याचे, उपेक्षितच राहिले आहे.

चार आठवड्यांत कोणी नवी बोली शिकणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण दिल्लीतील कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी मैथिली, भोजपुरी, मराठी बोलली जातेच. संस्थेच्या कचेरीत शिरताना ते ती उंबऱ्याबाहेर ठेवतात, कारण तिला गुण नाहीत. वास्तविक तेथे तीच त्यांची सर्वांत मोठी पात्रता असते. ऐकलेले शब्द त्याच भाषेत, देवनागरीत, नाव-गाव वगळून टिपावेत आणि इंग्रजी गोषवारा शेजारी द्यावा, एवढे सहज शक्य आहे.

दैनंदिनीचे स्वरूप ठरविणे नियमांनी विद्यापीठांवर सोपविले आहे. ही पाने वाचणार कोण, असे विधी विभागाने विचारल्यास भाषा विभागांनी आपली नावे कळवावीत.